भैरीचा शेला आणि ठाण्याची म्हैस

शिमग्याआधी भैरीची वस्त्रं धुवायचा मान वाडीत महिपतदादांच्या घराचा. मान महिपतदादांचा आणि हात ठकूबाईंचे, अशी त्याची वाटणी होती. दरसाल ढोल वाजवत मंडळी नदीच्या कोंडीवर जायची. पुढे महिपतदादा, डोक्याला पांढरा पटका, आणि चाल अशी की नदी जणू त्यांनीच आणून सोडली आहे. मागे ठकूबाई, डोक्यावर गाठोडं. कोंडीवर पोचलं की दादा वडाखाली बसून विडी ओढायचे आणि ठकूबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून देवाचं धोतर, शेला आणि पालखीची झालर आपटायच्या. वाळली की दादा ती दोन्ही हातांवर घेऊन देवळात पोचवायचे. लोक म्हणायचे, दादांनी काय पांढरीशुभ्र काढली. दादा म्हणायचे, "देवाची कृपा." ठकूबाई काही म्हणायच्या नाहीत, कारण त्या तोवर घरी भाकऱ्या भाजायला गेलेल्या असायच्या.

त्या साली माघ सरता सरता ठकूबाई माळ्यावरचा हंडा काढताना शिडीवरून घसरल्या. हंड्याला पोचा पडला आणि ठकूबाईंचा उजवा हात मोडला. महाडला नेऊन प्लास्टर घालून आणलं. डॉक्टर म्हणाले, शिमगा होईपर्यंत ह्या हाताने काही करायचं नाही. त्यात ते 'शिमगा' म्हणाले म्हणून घोटाळा झाला. ते 'पौर्णिमा' म्हणाले असते तर बरोबर आलेल्या सदूच्या डोक्यात काही आलं नसतं.

सदू हा दादांचा चुलतभाऊ आणि शेजारी. मुंबईला गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर बायको रखमाला घेऊन वाडीत परतला. गिरणीत त्याने बरीच वर्षं मोठमोठी यंत्रं झाडली होती, त्यामुळे कुठल्याही यंत्राबद्दल त्याचं काहीतरी मत असायचंच. मानाच्या रांगेत दादांच्या घरानंतर नंबर त्याच्या घराचा.

"दादा, वयनींचा हात असा. मग देवाची वस्त्रं आमची रखमा धुईल की," एसटीतच सदू म्हणाला. "एक सालचाच प्रश्न हाय."

दादांना हे 'एक साल' ठाऊक होतं. बांधावरचा आंबा असाच एका सालासाठी सदूच्या बापाने उतरवला होता, तो अजून तेच उतरवत होते.

"बघू," दादा म्हणाले. "धुतली जातील."

"कोण धुनार?"

"आमच्या घरात धुतली जातील."

घरात दादा आणि ठकूबाई दोनच माणसं. मुलगा आणि सून प्रियदर्शिनी ठाण्याला. तेव्हा आमच्या घरात म्हणजे कोण, हा हिशोब सदूने पोलादपूर येईपर्यंत मनात घातला असणार, कारण उतरताना तो दादांच्या हातांकडे बघत होता.

दादांनी जन्मात कपडा धुतला नव्हता. पुरुषाने नदीवर धुणं घेऊन बसणं म्हणजे काय, हे वाडीत सांगावं लागत नसे. एकदा धोंडू शिंप्याची बायको माहेरी गेली असता तो अंधारात धुणं घेऊन गेला होता. बिचारा वारला, पण अजून त्याच्या घराला लोक 'धुणंवाल्याचं' म्हणतात. तेव्हा नदीवर जाणं शक्य नव्हतं. पण गोठ्यात ती होती.

ती म्हणजे सुनेने पाठवलेलं कपडे धुवायचं मशीन. प्रियदर्शिनीने स्वतःला नवं घेतलं आणि दोन खणांचं हे जुनं, आईंच्या कमरेला आराम म्हणून, टेम्पोत घालून पाठवलं. घरात मोरी लहान. म्हणून ते रिकाम्या गोठ्यात ठेवलं, कारण गोठ्यात पाणी जायला उतार होता. गुरं तर दादांनी केव्हाच विकली होती. ठकूबाईंनी मशीनला हळदकुंकू लावलं आणि त्यात वाल भरून ठेवले. उंदीर चढू शकत नाही असं घरातलं ते एकच भांडं. सुनेने फोनवर विचारलं, "आई, मशीन वापरता ना?" तर त्या म्हणायच्या, "रोज."

शनिवारी संध्याकाळी चांगू गुरव देवाचं गाठोडं घेऊन आला.

"दादा, ढोल कधी आणू?"

"ढोल नको ह्या साली. तिचा हात दुखतो, आवाजाने ठणके मारतात. घरीच धुऊ."

ढोलाच्या आवाजाने हात कसा दुखेल हे चांगूला कळलं नाही, पण तो मानकऱ्याला उलट बोलणारा नव्हता. तो गेल्यावर दादांना पहिल्यांदा लाज वाटली. देवाच्या गाठोड्याला हात लावून ते खोटं बोलले होते. पण ही लाज एकटी होती आणि एकटी लाज माणूस झोपेत जिरवू शकतो.

रविवारी भारनियमन नसायचं. ठकूबाई जेवून आडव्या झाल्या तसे दादा गाठोडं घेऊन गोठ्यात शिरले आणि दाराला आतून आडणा लावला. वाल त्यांनी आधीच उपसून टोपलीत काढले होते. बादल्या ओतून मशीन भरलं, पावडर घातली. किती घालायची ते माहीत नव्हतं, पण देवाच्या कामात हात आखडता घेणं बरं नव्हे म्हणून सगळा पुडा घातला. धोतर, शेला, झालर पाण्यात सोडली, हात जोडले आणि बटण फिरवलं.

मशीन थोडं गुरगुरलं, मग थरथरलं आणि चालू लागलं. चालू लागलं म्हणजे सुरू झालं असं नव्हे, चालत निघालं. गोठ्याची जमीन उताराची, त्यामुळे ते धडधड करत दाराच्या दिशेने निघालं. दादांनी दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली तेव्हा ते त्यांनाही घेऊन निघालं. शेवटी वायर ताणून प्लग उपटला तेव्हा दोघं थांबले. दादा बराच वेळ तसेच मिठी मारून उभे होते.

आता विचारायचं कोणाला? सदूला नव्हेच. राहिली सून. मोबाइल तेव्हा महाडपर्यंत आले होते, वाडीत रेंज नव्हती. फोन एकच, रुपया टाकायचा डबा, महादूच्या दुकानात. आणि दुकानाच्या बाकावर रविवारी दुपारी सगळी वाडी बसलेली. सदू तर डब्याला टेकूनच बसला होता.

मानकऱ्याने भरल्या बाकासमोर सुनेला कपडे कसे धुवायचे हे विचारायचं? दादांनी वाटेतच ठरवलं होतं की आपण नाव घ्यायचं नाही. गोठ्यातल्या वस्तूला गोठ्यातलंच नाव द्यायचं.

"सूनबाय, मी बोलतोय. ती म्हैस फार नाचते गो."

"कोण म्हैस, बाबा?"

"तुम्ही पाठवलेली. ठाण्याची."

 बाकावरच्या माना डब्याकडे वळल्या.

"बाबा, तुम्ही मशीनबद्दल बोलताय का?"

"हां. तीच."

"मग म्हैस का म्हणताय?"

"इथं माणसं हायत," दादा हळू म्हणाले.

प्रियदर्शिनी हुशार मुलगी. तिने पुढे विचारलं नाही. "बरं. तिच्या पोटात किती घातलंय? थोडंच असेल तर ती हलणार. वजन लागतं. अजून घाला."

"पोट भरलं नाय म्हणून नाचते म्हणता. बरं, अजून घालतो."

"आणि पायाखाली फळी द्या, सपाट करा. आणि हे महत्त्वाचं, नीट ऐका. पांढऱ्याबरोबर—"

डब्यातून 'टूं' असा आवाज आला आणि फोन तुटला. दादांनी खिसे चाचपले. दुसरा रुपया नव्हता, आणि सदूकडून घेतला तर तो रुपयाबरोबर गोष्टही मागणार.

"दादा," सदू म्हणाला, "म्हैस घेतलीत? आणि भावाला बोललात नाय?"

नाही म्हणावं तर मग काय नाचतं ते सांगावं लागेल. दादा म्हणाले, "घेतली."

"ठाण्याची?"

"ठाण्याची."

"तबेल्याची असंल. तबेल्याच्या म्हशी बिगडेल असतात, मी बघितल्यात. मागचे पाय बांधा तिचे. आन् खुंटीला आवळून घ्या, ढिली नका ठेवू, बॅलन्स जातो."

वाटेने परत येताना दादांची मान खाली होती. सुनेच्या मशीनला ते म्हैस म्हणाले होते, भावाला खोटं सांगितलं होतं, आणि देवाचा शेला साबणात भिजत होता. तरी सदूचा सल्ला मनात घोळत होता, कारण तो सल्ला, खरं बघता, वाईट नव्हता. दादांनी माळ्यावरचं जुनं दावं काढलं, मशीनच्या खालच्या पायांना फास घातला आणि ते गुरांच्या खुंटीला आवळून बांधलं. खाली फळी सारली.

आता पोट भरायचं. सून म्हणाली होती, पांढऱ्याबरोबर. पांढऱ्याबरोबर काय, ते फोनने गिळलं होतं. पण वाक्याचा रोख दादांना उघड वाटला. पांढऱ्याबरोबर जे नाही ते घालायचं. दोरीवर ठकूबाईंचं नवं तांबडं लुगडं होतं, सुनेनेच दिवाळीला दिलेलं, एकदाच नेसलेलं. वजनदार होतं. दादांनी ते पांढऱ्याबरोबर घातलं.

मशीन खुंटीला हिसके देत फिरू लागलं. दादा ओंडक्यावर बसून विडी ओढू लागले. विडी ओढता ओढता त्यांना असंही वाटून गेलं की बायका ह्या कामाचं उगाच कौतुक करून घेतात.

मशीन थांबलं तेव्हा त्यांनी झाकण उघडलं. आत पाणी दिसत नव्हतं. फेस दिसत होता आणि तो जास्वंदीच्या रंगाचा होता. त्यांनी हात घालून शेला वर ओढला. गेल्या सालापर्यंत ज्याला लोक दुधासारखा म्हणत, तो भैरीचा शेला नवरीच्या गालासारखा झाला होता.

पाणी काढून टाकावं, दुसरं घालावं, म्हणून दादांनी दुसरं बटण फिरवलं. पाणी जाईना. मागची नळी खाली सोडली, तरी जाईना. रॉकेलच्या डब्यातून रॉकेल काढताना नळी तोंडाने ओढतात, ते दादांना येत होतं. हातातला शेला गळ्यात टाकून ते वाकले, नळी तोंडात धरली आणि जीव खाऊन ओढली. आधी काही आलं नाही. मग एक भिजलेला वाल आला. त्याच्या मागे आणखी पाच-सात वाल आणि त्यांच्या मागे गुलाबी साबणाचं पाणी.

नेमका तेव्हा दारावर धक्का बसला.

"दादा," बाहेरून रखमा म्हणाली, "चरवी आणलीय. व्यायली का? चीक ठेवा हां आमच्यासाठी, खरवस करते."

"दार उघडा," सदू म्हणाला. "म्हैस हिसके देतेय ते आमच्या पडवीत ऐकू येतंय. चांगू आलाय. त्याच्याकडं वरंधचं गुरांचं औषध हाय."

दादांच्या तोंडात साबण होता. ते "येऊ नका, बुजेल" असं म्हणाले, पण बाहेर ते वेगळंच काहीतरी ऐकू गेलं असणार, कारण सदू ओरडला, "दादांना लाथ बसली," आणि चार-पाच खांद्यांनी मिळून आडणा मोडला.

दार उघडलं. उजेड आत आला आणि त्याबरोबर अर्धी वाडी. त्यांनी पाहिलं ते असं. खुंटीला दाव्याने बांधलेलं पांढरं मशीन. सगळीकडे फेस. मधोमध महिपतदादा गुडघ्यांवर, गळ्यात भैरीचा ओला शेला, डोळे लाल, आणि तोंडातून गुलाबी फेस गळतोय.

चांगू गुरवाच्या हातातून औषधाची बाटली पडली. "देव आला," तो म्हणाला. "भैरी आला दादांच्या अंगात." आणि त्याने तिथेच लोटांगण घातलं. रखमाने चरवी खाली ठेवून पदर डोक्यावर घेतला. सदूसुद्धा हात जोडून उभा राहिला, आणि सदूने दादांसमोर हात जोडल्याचं कोणाच्या स्मरणात नव्हतं.

दादांना फक्त गप्प राहायचं होतं. थोडं घुमायचं. एक हुंकार दिला असता तर गुलाबी शेला देवाची इच्छा ठरला असता, मशीनकडे कोणी पाहिलं नसतं आणि मान जन्मभर घरात राहिला असता. हुंकार घशापर्यंत आला होता. पण कालपासूनची सगळी लाज तिथे आधीच येऊन बसली होती. त्यांनी वाल थुंकला.

"अंगात नाय," दादा म्हणाले. "साबण हाय."

चांगूने लोटांगणातूनच मान वर करून मशीनकडे पाहिलं.

"हे कपडे धुवायचं मशीन. म्हैस नाय. तिचा हात मोडलाय म्हणून मी धूत होतो. देवाचंच धूत होतो. तांबडं त्यात पडलं."

चांगू लोटांगणातून उठला आणि गुडघे झाडू लागला. ते झाडणं दादांना फार लागलं. मग मागून कोणीतरी पोर फिसकन हसलं आणि ते हसू दारापासून आवारापर्यंत पसरत गेलं. गर्दीतून वाट काढत ठकूबाई आल्या, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात घेऊन. त्यांनी मशीनमध्ये डोकावलं.

"माझं लुगडं," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. दादांना त्या शिव्या देतील तर बरं असं वाटत होतं.

सदूने सावरून घेतलं. "झालं ते झालं. पण देवाची वस्त्रं बाटली. आता मान पुढच्या घरी जाणार, हे मी बोलत नाय, रीत बोलते."

"रीत आपण नाय बोलायची," चांगू म्हणाला. "कौल लावू."

संध्याकाळी सगळी वाडी देवळात जमली. आमच्याकडे कौल लावायचा म्हणजे भैरीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि विचारायचं. उजवं आधी पडलं तर देव राजी, डावं पडलं तर नाराज. दादा खांबाला टेकून उभे होते. समोर बसायची त्यांची जागा होती, पण तिथे बसवेना. गुलाबी वस्त्रं ताटात घडी करून ठेवली होती आणि समईच्या उजेडात ती जास्तच गुलाबी दिसत होती.

चांगू दुपारपासून गोंधळला होता. नसलेल्या देवाला लोटांगण घातल्याचं त्याच्या मनातून जात नव्हतं. त्यामुळे जे तीन वेगवेगळे कौल घ्यायचे, ते त्याने एकातच ओवले.

"बा भैरी देवा, तुझ्या मानकऱ्यानं तुझी वस्त्रं ह्या साली आपल्या हातानं धुतली, ती अशी गुलाबी झाली. हे सगळं तुला मान्य असंल तर उजवं दे. नसंल तर डावं दे."

फूल पडायला वेळ लागला. सदू डाव्या फुलाकडे असा बघत होता की फुलाजागी माणूस असता तर तेवढ्या नजरेनेच जागचा हलला असता. पण उजवं हललं, घसरलं, आणि पडलं.

दादांचा श्वास सुटला. इतक्या मोठ्याने, की समई हलली. "मान राहिला," ते म्हणाले.

"राहिला," चांगू म्हणाला. "पन दादा, मी काय विचारलं? मानकऱ्यानं आपल्या हातानं धुतली, ते मान्य हाय का. देव हाय म्हटला. आता पुढं बाईच्या हातची चालायची नायत."

"अरे, ती ह्या सालची अडचण होती."

"अडचण तुमची. कौल देवाचा."

"मग मशीनवर धुईन," दादा हळूच म्हणाले. "गोठ्यात."

"मी मशीन विचारलं नाय. हात विचारला." चांगूला आता सूर सापडला होता. "कोंडीवर. ढोल लावून. रीतसर."

"आणि रंग?" मागून ठकूबाईंनी विचारलं.

चांगूने पाषाणाकडे पाहिलं. "रंगासकट विचारलं होतं."

"म्हंजे मला दरसाल नवं तांबडं लुगडं लागणार," ठकूबाई म्हणाल्या. प्लास्टर घातल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या.

"हे मात्र बरोबर हाय," रखमा म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "देवाला चालतं. तुमचा शर्ट तुमाला कधी धुवायचा म्हंता?" सदूला तेवढ्यात बाहेर काहीतरी काम आठवलं. मान आपल्या घरी आला नाही, ह्याबद्दल त्याला वाडीत कोणी पुढे कधी कुरकुरताना ऐकलं नाही.

पुढल्या शिमग्याला ढोल वाजवत मंडळी कोंडीवर गेली. एरवी ह्या कामाला ठकूबाईंखेरीज बायका येत नसत, त्या साली एकही मागे राहिली नाही. तुडीलला दिलेल्या लेकीबाळीसुद्धा माहेरी आल्या होत्या, त्या पोरं कडेवर घेऊन काठाला ओळीने उभ्या राहिल्या. महिपतदादा धोतर गुडघ्यावर खोचून, देवाच्या वस्त्रांबरोबर एक नवं तांबडं लुगडं घेऊन पाण्यात उतरले. डोक्याला पांढरा पटका तसाच होता. ढोल वाजायचा आणि दादा आपटायचे. दादा चुकले की ढोलकरी थांबायचा.

"पीळ उलटा हाय," एक म्हणाली.

"दगडावर धरा, गुडघ्यावर काय धरताय," दुसरी म्हणाली.

दादांनी वर पाहिलं नाही. मान खाली घालून शेला पिळत राहिले. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, काय भाव आहे.

ठकूबाई वडाखाली बसून पान लावत होत्या. हात कधीच बरा झाला होता. धुणं वाळलं, गुलाबी झालर वाऱ्यावर उडू लागली, तशी तुडीलची एक म्हातारी त्यांना म्हणाली, "दादांनी काय रंग काढलाय गो, बाय."

ठकूबाईंनी पान तोंडात घातलं, चुना बोटाने पुसला.

"देवाची कृपा," त्या म्हणाल्या.

महिपतदादा काही म्हणाले नाहीत, कारण ते अजून लुगडं पिळत होते.